पातळाची बादली

हिरव्या पिंपाला लाल चिठ्ठी लागली ती सकाळी साडेदहाला, आणि पावणेअकरापर्यंत ती बातमी स्वयंपाकघरात अशी काही पसरली की भट्टीतला पावसुद्धा फुगायचा थांबला. हे आत्याचं म्हणणं. आत्या सांगते त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते तिला विचारायची घरात आजवर कुणाची छाती झालेली नाही.

चिठ्ठी लावली खतवालीने. ही बाई रोज गाडी घेऊन यायची, त्या रस्त्यावरच्या सगळ्या हॉटेलांचा ओला कचरा उचलायची आणि शहराबाहेरच्या शेडमध्ये त्याचं खत करायची. बोलायची कमी. झाकण उघडायचं, नाक न मुरडता आत बघायचं. मग पिंप तरी गाडीत चढायचं, नाहीतर चिठ्ठी तरी पिंपावर. आज तिने हिरवं पिंप कलतं केलं, तर सालींच्या खालून पिवळट पाण्याचा लोट तिच्या बुटांवर आला.

"साली ठेवल्यात की पोहायचा तलाव केलाय?" एवढंच म्हणाली, आणि पिंप तिथेच ठेवून गेली.

मागच्या दाराशी तीन पिंपं असत. हिरव्यात साली आणि देठ, म्हणजे सगळं कच्चं. पिवळ्यात ताटल्यांतलं उष्टं. राखाडीत कागद, चिंध्या, फुटकं. आणि भांडी घासायच्या मोरीपाशी एक झाकणाची बादली, पातळाची. वाडग्यांत उरलेलं सूप त्या बादलीत जायचं, कारण पातळ पदार्थ पिंपात गेला की खताचा ढीग कुजून आंबतो आणि शेडमधल्या माशांना सणासुदीचे दिवस येतात. आता हिरव्या पिंपात ते पाणी आलं कुठून, हे घरात दोनच माणसांना माहीत होतं. एक, भांडी घासणारा म्हातारा बुडबुडे. आणि दुसरी, घरातली धाकटी सून. कारण ते तिनेच ओतलं होतं. आज नव्हे, गेले वीस दिवस, रोज दोन वेळा, इकडे-तिकडे बघून.

ते पाणी म्हणजे आबांचं सूप होतं.

आबांनी ते हॉटेल उभं केलं, चाळीस वर्षं सगळ्या शेगड्या एकट्याने ओढल्या, आणि मग एकेक शेगडी मुलांच्या हाती देत देत स्वतःकडे फक्त मसुराच्या सुपाचं पातेलं ठेवलं. गेल्या वर्षी थंडीत त्यांना मोठा ताप येऊन गेला, तेव्हा थोरल्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आबा, आता पुरे. सुपाची एक जरी तक्रार आली, तरी तुम्ही बाहेर गल्ल्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचा." आबा "बरं" म्हणाले होते. पण त्यांचं ते "बरं" धाकटीला खरं वाटलं नव्हतं. आबांना गल्ल्यावर बसवायचं म्हणजे घोड्याला खुर्चीत बसवायचं. आणि वीस दिवसांपूर्वी वाडगे अर्धेमुर्धे भरलेले परत यायला लागले. खारट. इतकं खारट की तिने एक बोट चाटलं आणि दोन पेले पाणी प्यायली.

आबांना सांगायचं तिच्या जिवावर आलं. थोरल्याला कळू द्यायचं नव्हतं. तो रोज रात्रीची बंदाबंद करताना बादलीचं झाकण उचलून बघायचा. मग ती बादली त्याआधीच रिकामी करायला लागली. मोरीत ओतावं तर तेलकट पाण्याने नळी तुंबायची. राहिलं हिरवं पिंप, सालींनी भरलेलं. साली बिचाऱ्या काही बोलत नाहीत. पाणी पिऊन टाकतात. काल मात्र सूप जास्त आणि साली कमी, म्हणून बोलल्या त्या आज सकाळी.

चार वाजता थोरल्याने सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बोलावलं. दुपारची जेवणं आटोपलेली, संध्याकाळची सुरू व्हायला दोन तास. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या, फरशी अजून ओली. धाकटीचा नवरा मासळी आणायला बंदरावर गेला होता. नाहीतर त्याच्या मागे तरी लपता आलं असतं. आत्या मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलत बसली. ती आबांची थोरली बहीण, त्यामुळे हॉटेलात तिला काम नव्हतं आणि अधिकार सगळे होते. मोठी, म्हणजे थोरल्याची बायको, रुमालांच्या घड्या घालत होती. बुडबुडे भिंतीला टेकून उभा. आबा आत होते, संध्याकाळचं सूप चढवत.

थोरल्याने लाल चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मीठदाणी ठेवली, जणू चिठ्ठी पळून जाणार होती.

"मला एकच सांगा. हे कुणी केलं?"

"केवढा तो आवाज," आत्या म्हणाली. "खून झालाय का कुणाचा?"

"आत्या, पालिकेची पाटी गेली! पुढच्या महिन्यात मिळणार होती. वर्षभर एकही लाल चिठ्ठी नाही, तर दारावर हिरव्या पानाची पाटी. अकरा महिने झाले होते. अकरा!"

"आणि पिंपं आणली तेव्हा 'कचऱ्याची कसली लाडंकौतुकं' असं कोण म्हणालं होतं?"

थोरल्याने चिठ्ठीवरची मीठदाणी उगाच सरकवली. म्हणाला होता तोच. पालिकेचा कागद आला तेव्हा त्याने त्यावर चहाचा कप ठेवला होता. मग एके दिवशी समोरच्या हॉटेलाच्या दारावर हिरव्या पानाची पाटी झळकली, आणि या गृहस्थाला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तीन पिंपं दारात हजर. माणसं चांगली कामं कशामुळे करतात याचा कुणी फार खोलात जाऊन शोध घेऊ नये. समोरच्याची पाटी नसती, तर थोरल्याने साली आणि सूप जन्मभर एकाच घमेल्यात ओतलं असतं.

प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. मोठीला पिंपं आवडली ती उंदरांमुळे. झाकणं घट्ट, त्यामुळे उंदीर समोरच्या हॉटेलात राहायला गेले, असं ती हसू दाबून सांगायची. बुडबुडेला पहिल्याच आठवड्यात उष्ट्यातून अकरा चमचे आणि एक सांडशी सापडली, तेव्हापासून तो पिवळ्या पिंपाकडे देवघरासारखा बघायचा. आत्याला आणखी एका बाबतीत लोकांना बोलायची सोय झाली. आणि आबा? त्यांनी आयुष्यात मिक्सर घेऊ दिला नव्हता, गॅसची नवी शेगडी सहा महिने गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. पण पिंपांना सगळ्यांच्या आधी "आणा" म्हणाले ते आबाच. का, ते कुणी विचारलं नव्हतं. घरात म्हाताऱ्या माणसाने हो म्हटलं की कारण कोण विचारतं?

"बुडबुडे," थोरला वळला. "मोरीशी तू असतोस. पातळाची बादली तुझ्या हाताखाली असते."

"असते मालक."

"मग हिरव्यात पाणी गेलं कसं?"

बुडबुडेने एकदा धाकटीकडे बघितलं. त्याने तिला पहिल्याच दिवशी बघितलं होतं, बादली पोटाशी धरून दाराबाहेर जाताना. तेव्हा तो पाठ फिरवून एकच पातेलं तीन वेळा घासत बसला होता.

"झालं असेल हातून," तो म्हणाला. "वय झालं. डोळ्यांना रंग कळत नाहीत आता."

"काल तर तू मला लाल सफरचंदं निवडून दिलीस!" मोठी म्हणाली.

"ती वासावरून दिली, वहिनी."

आत्या फस्सकन हसली. थोरला हसला नाही. "वय झालं असेल तर घरी बस उद्यापासून. मी दुसरा माणूस बघतो."

धाकटी उभी राहिली. उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, आपण बोलणार नाही, नुसतं पाणी आणायला जाऊ. पण पाय जागचे हलेनात आणि तोंड मात्र उघडलं.

"दादा, त्याला काही बोलू नका. मी ओतलं."

"तू?"

"मीच. रोज ओतते. आणि माझं ऐकाल तर हे वेगळं-वेगळं करणं बंदच करू या आता. फार व्याप होतो. एकच पिंप ठेवू. पूर्वीसारखं."

आत्याच्या हातातला वाटाणा परातीबाहेर पडला. कारण पिंपांवर रंगीत अक्षरं काढली होती ती धाकटीनेच. कोणतं कशात, याचं सगळ्यांना पंधरा दिवस शिक्षण दिलं होतं तिनेच. आत्याने एकदा चहाची भुकटी राखाडीत टाकली, तर तिला हाताला धरून परत नेऊन हिरव्यात टाकायला लावली होती.

"हे तू म्हणतेस?" थोरला म्हणाला. "आणि 'करायलाच हवं' असं मी म्हणतोय? जग उलटं फिरलं काय आज?"

"बादली जड होते, म्हणून."

"बादली जड?" मोठीने घडी अर्ध्यावर ठेवली. ती बोलायची हळू, पण तिचं बोलणं सुईसारखं नेमकं टोचायचं. "पिठाचं पोतं एका हाताने उचलतेस तू. आणि त्या बादलीत असतं तरी काय? उरलेलं सूप. उरतं किती, तर तांब्याभर. जड व्हायला..." ती थांबली. तिने धाकटीचा चेहरा बघितला आणि पुढचं वाक्य गिळायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. थोरला तिथपर्यंत पोचला होता.

"सूप परत येतंय," तो सावकाश म्हणाला. "आबांचं सूप परत येतंय, आणि तू लपवतेस."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"किती दिवस?"

हे थोरल्याने नाही विचारलं. आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. आबा पळी हातात घेऊन उभे होते. पळीतून सुपाचे थेंब फरशीवर पडत होते.

धाकटीने खाली मान घातली. "वीस दिवस, आबा."

"वीस," आबा म्हणाले. "आणि भरपूर येतंय?"

"निम्मी बादली. कधी जास्त."

आबा पुढे आले, खुर्ची ओढून बसले. मोठीने पटकन पाण्याचा पेला पुढे केला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता खचणार. धाकटीचे डोळे भरून आले. तिने मनात चार-पाच वाक्यं जुळवली, सगळी एकाहून एक खोटी.

"तरीच!" आबा गरजले. आणि टेबलावर पळी अशी आपटली की मीठदाणीने उडी मारली. "तरीच मी म्हणतो, वीस दिवस बादली कोरडी कशी! पोरी, तू मला आंधळं केलंस गं! चांगलं दिसत होतं, ते डोळे काढून घेतलेस!"

"आबा, मी..."

"बुडबुडे! बादली आण."

बुडबुडेने बादली आणली. आबांनी झाकण काढून ती सगळ्यांसमोर आडवी केली. आतल्या बाजूला, एकावर एक, खिळ्याने ओढलेल्या तीन रेघा होत्या.

"ही खालची. सूप हिच्या आत राहिलं तर मीठ बरोबर. मधल्या रेघेला टेकलं तर उद्या चिमूटभर कमी टाकायचं. वरच्या रेघेला गेलं तर अर्धी मूठ कमी, आणि तोंड लपवून बसायचं."

"पण हे कशाला?" थोरला म्हणाला. "चाखून बघायचं की!"

"कशाने चाखू?" आबा म्हणाले. मग आवाज खाली आला. "तापात जीभ गेली, बाळा. मीठ आणि साखर मला डब्यावरचं नाव वाचून ओळखावी लागते. परवा चहात मीठ घातलं आणि पूर्ण कप प्यालो. गरम लागला, एवढंच कळलं."

आत्याने परात खाली ठेवली. "अरे आबा," ती म्हणाली. तिला तो जन्मल्यापासून ओळखीचा होता, आणि त्याचं हे तिला माहीत नव्हतं. "सांगायचं नाहीस का रे?"

"सांगितलं असतं तर गल्ल्यावर बसवलं असतं मला ह्याने. ताप गेला, त्यानंतर महिनाभर मी अंदाजाने ढकलत होतो. तेवढ्यात तुमचा हा कचऱ्याचा खेळ सुरू झाला. आधी सगळं एका घमेल्यात जायचं, त्यात माझं सूप कोणतं आणि मासळीचा काटा कोणता, देव जाणे. वेगळं झालं आणि मला दिसायला लागलं. लोक काय टाकतात ते दिसलं, की काय टाकायचं ते कळतं."

"आणि अळणी झालं तर?" मोठीने विचारलं. तिला राहवेना. "अळणी सूप लोक मीठ घालून खातात. मग बादलीत काहीच उरणार नाही."

आबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "शाबास. म्हणून संध्याकाळी टेबलांवरच्या मीठदाण्या मी स्वतः भरतो. तुम्हाला वाटतं म्हातारा रिकामा आहे म्हणून भरतो. मीठदाण्या लवकर संपल्या की सूप अळणी. बादली भरली की खारट. दोन्ही ठीक, तर आबा ठीक. वीस दिवस मीठदाण्या भरलेल्या, बादली कोरडी. मला वाटलं, जमलं! इतकं कधीच जमलं नव्हतं. त्या खुशीत मी..." ते अडखळले.

"खुशीत काय?" धाकटीने घाबरत विचारलं.

"एक चिमूट वाढवलं."

आधी आत्या हसली. मग बुडबुडे, भिंतीकडे तोंड करून. धाकटी रडता रडता हसायला लागली आणि तिला ते आवरेना. "म्हणजे मी लपवत होते म्हणून तुम्ही वाढवत होता?"

"आणि मी वाढवत होतो म्हणून तुला आणखी लपवावं लागत होतं. आपण दोघांनी मिळून गिऱ्हाइकांना समुद्र पाजला."

"पण मुळात खारट झालं कशाने?" थोरला म्हणाला. तो हसत नव्हता. "त्याआधी दहा महिने ठीक होतं ना?"

"माझी मूठ तीच आहे," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं तीच. पातेल्याला चार मुठी."

मोठीने रुमाल तोंडाशी धरला. "अगं बाई."

"काय झालं?"

"मीठ बदललं. महिना होत आला. जाड मीठ मिळालं नाही, म्हणून मी बारीक मिठाचं पोतं घेतलं. बारीक मीठ मुठीत जास्त मावतं. मी कुणाला सांगितलंच नाही. मिठाचं काय सांगायचं?"

पोतं उघडून किती दिवस झाले, याचा हिशेब बोटांवर झाला. वीस. आबांची मूठ चुकली नव्हती. हे ऐकून त्यांनी आपला उजवा हात उघडला, मिटला, आणि टेबलावर ठेवून दिला. एखादं पाळलेलं जनावर खोटा आळ टळून घरी आल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवावा, तसा डावा हात त्यावर ठेवला.

"ते सगळं ठीक," थोरला म्हणाला. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. "पण जीभ नाही ती नाहीच. बादली आजची चूक उद्या सांगते. आज जे लोक खातील त्यांचं काय? आबा, मला वाईट वाटतं. पण हॉटेल असं चालत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. हेच त्यातलं वाईट होतं. आत्यासुद्धा 'खरं आहे' म्हणाली, आणि ही गोष्ट त्या घरात फार वेळा घडलेली नाही.

आबा उठले. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पातेलं चढवलंय तेवढं उतरवतो. मग सांग कुठे बसायचं ते."

ते आत गेले. धाकटी एक क्षण जागीच राहिली. तिला आठवत होतं, ती या घरात आली तेव्हा तिला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने केलेला रस्सा आबांनी चाखला होता आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं होतं, "पोरी, हे खाऊन माणूस मरणार नाही. पण जगणारही नाही." ती रडली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शेजारी उभं केलं होतं. ते तिच्याशी एकदाही गोड खोटं बोलले नव्हते. आणि ती वीस दिवस तेच करत होती.

ती आत गेली. मागोमाग थोरला दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

आबा शेगडी बंद करायला वाकले होते.

"थांबा," धाकटी म्हणाली. तिने तळहात पुढे केला, स्वयंपाकी चाखायला धरतात तसा, खोलगट. "वाढा."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग पळी बुडवली आणि चार थेंब तिच्या तळहातावर सोडले. तिने फुंकर मारली, चाखलं.

"सांग."

"खारट."

"किती?"

"फार. गिऱ्हाईक वाडगा ढकलून देईल."

आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. दुखलं असावं. पण त्यांनी लगेच बाजूच्या पातेल्यातले बिनमिठाचे शिजवलेले मसूर दोन पळ्या आत घातले, गरम पाणी घातलं, ढवळलं. "आता?"

"अजून खारट."

आणखी दोन पळ्या. "आता?"

"आता मीठ बरोबर." ती थांबली. पुढचं बोलावं की नाही, असं तिला झालं. थोरला दारात उभा होता. "पण कांदा कच्चा राहिलाय. आणि मिरी कमी आहे."

"कांदा कच्चा?" आबा ताठ झाले. "माझा कांदा? चाळीस वर्षांत कुणी असं म्हणालं नाही!"

"तेव्हा तुम्हाला विचारायची सोय नव्हती. आता मी सांगतेय. कच्चा आहे."

"मिरी कमी नाही."

"कमी आहे."

"तुझी जीभ जाड आहे."

"आहे तरी, आबा."

बाहेरून आत्याचं हसणं ऐकू आलं. थोरल्याने दाराच्या चौकटीवर डोकं टेकलं. मग तो पुढे आला आणि त्यानेही तळहात धरला. आबांनी काही न बोलता त्याच्या हातावर थेंब सोडले. त्याने चाखलं, वेळ घेतला, आणि बापाकडे न बघता धाकटीला म्हणाला, "मिरी कमी आहे. रोज चार वाजता आणि अकरा वाजता तू चाखायचं. आबांचं मन राखायला एक शब्द जरी खोटा बोललीस, तर दोघंही गल्ल्यावर."

"गल्ल्यावर दोघांना जागा नाही," आबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणतोय."

तो बाह्या सारून मागच्या दाराने बाहेर गेला. थोड्या वेळाने बुडबुडे धावत आला आणि सांगितलं, मालक हिरव्या पिंपात खांद्यापर्यंत हात घालून साली पिळतायत, एकेक. विचारलं तर म्हणतायत, पाटीसाठी, दुसरं काही नाही, पुढच्या वर्षी तरी मिळेल. खरं तर विचारलं कुणीच नव्हतं.

आत शेगडीपाशी आबांनी कढईत नवा कांदा टाकला आणि मंद आचेवर परतायला घेतला, सोनेरी होईपर्यंत. मग पातेल्यात मिरी घातली. धाकटी शेजारी उभी होती, तळहात धरून.

"आता?" आबांनी विचारलं. आणि ती चाखेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पहिल्यांदाच चुलीपाशी उभ्या राहिलेल्या पोरासारखे.